समीक्षकांना न पटलेला, श्रोत्यांनी डोक्यावर घेतलेला 'बेबल'

१० फेब्रुवारी २०१३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ग्रॅमी या अमेरिकन संगीत पुरस्कारांच्या सोहळ्यातला सर्वांत मानाचा पुरस्कार जाहीर करायला गायिका अडेल मंचावर आली आणि तिनं नाव वाचलं ते मम्फर्ड अँड सन्स या लंडनच्या बँडचं. त्यांचा दुसरा अल्बम 'बेबल' वर्षातला सर्वोत्कृष्ट अल्बम ठरला होता. पण त्याच दिवशी हाच अल्बम 'अमेरिकाना' या, अमेरिकन लोकसंगीताच्या मुळांवर उभ्या असलेल्या गाण्यांच्या छोट्या विभागात बॉनी रेटच्या 'स्लिपस्ट्रीम'पुढे हरला होता. त्यातल्या 'आय विल वेट' या गाण्याला रॉक विभागात दोन नामांकनं होती. दोन्ही पुरस्कार द ब्लॅक कीजच्या 'लोनली बॉय'नं नेले. म्हणजे ज्या प्रकारचं संगीत हा बँड वाजवतो, त्या प्रकारात तो पहिला आला नाही आणि सगळ्या प्रकारांत मिळून मात्र पहिला आला.

हे कसं झालं, ते समजून घेतलं की 'बेबल'भोवतीचा सगळा वाद समजतो. त्यासाठी आधी हा बँड नेमकं काय वाजवत होता ते पाहायला हवं.

मार्कस मम्फर्ड, बेन लोवेट, विन्स्टन मार्शल आणि टेड ड्वेन हे चौघे २००७च्या अखेरीस लंडनमध्ये एकत्र आले. त्या काळात पश्चिम लंडनमधल्या छोट्या जागांमध्ये तरुण मुलांचा एक घोळका लोकसंगीताच्या वळणाची गाणी करत होता. लॉरा मार्लिंग, नोआ अँड द व्हेल ही त्यातलीच नावं. कुणी कुणाच्याही साथीला बसायचं. मार्कस स्वतः लॉराच्या मागे ड्रम वाजवायचा. त्यातून या चौघांनी जी रचना निवडली ती रॉक बँडसाठी जरा विचित्र होती. मुख्य वाद्यं म्हणजे ॲकूस्टिक गिटार, बँजो, कीबोर्ड आणि डबल बेस. ड्रमवाला वेगळा नाहीच. मार्कस उभ्यानं गिटार वाजवत गायचा आणि पायानं समोरचा किक ड्रम बडवायचा. चौघे मंचावर एका ओळीत उभे राहायचे आणि चौघेही गायचे.

अशा संगीताला रूट्स रॉक म्हणतात. रॉक ज्या मुळांतून उगवला ती मुळं, म्हणजे ब्लूज, कंट्री, ब्लूग्रास (बँजोवरचं वेगवान लोकसंगीत), गॉस्पेल (चर्चमधली भक्तिगीतं) आणि जुनी लोकगीतं, पुन्हा हाताशी घेऊन केलेला रॉक. ही बहुतेक मुळं अमेरिकेच्या दक्षिण भागातली. म्हणूनच या बँडवरचा पहिला आक्षेप असा होता, की लंडनच्या मुलांना अमेरिकेतल्या अपालाचियन डोंगरातल्या शेतकऱ्यांचं संगीत वाजवायचा काय अधिकार? आक्षेप घेणारे आणखी एक गोष्ट सांगायचे. मार्कस आणि बेन विम्बल्डनच्या किंग्ज कॉलेज स्कूल या महागड्या खासगी शाळेत शिकलेले, विन्स्टनचे वडील पॉल मार्शल हे गुंतवणूक क्षेत्रातले धनाढ्य गृहस्थ. आणि कपडे मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या कष्टकऱ्यांचे: वेस्टकोट, जाड बूट, बाह्या दुमडलेले सदरे.

या आक्षेपाकडे थोडं थांबून पाहायला हवं, कारण 'बेबल'च्या स्वागतातला बराच कडवटपणा इथूनच आला. आणि माझ्या मते तो चुकीच्या जागी खर्च झाला.

बँजोचंच उदाहरण घ्या. आज बँजो म्हटलं की अमेरिकन गोरा शेतकरी डोळ्यांपुढे येतो. पण या वाद्याचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतले. भोपळ्यावर चामडं ताणून केलेली तंतुवाद्यं तिथं होती आणि गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी त्यांची आठवण कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत जिवंत ठेवली. तिथून ते वाद्य गोऱ्या वादकांच्या हातात गेलं. १८४३ साली व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स हा चमू इंग्लंड-आयर्लंडच्या दौऱ्यावर आला तेव्हा त्यांच्याबरोबर बँजोही आला. चेहऱ्याला काळं फासून काळ्या माणसांची नक्कल करणारे हे खेळ आज लाज वाटावी असे आहेत, पण बँजो ब्रिटनमध्ये पोचला तो त्यांच्यामुळे. उलट दिशेनंही वाहतूक झाली. इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमधून गेलेल्या माणसांनी आपली कथागीतं अपालाचियन डोंगरात नेली. इतकी, की सेसिल शार्प हा इंग्रज संग्राहक १९१६ ते १९१८ या काळात तिथं हिंडला तेव्हा इंग्लंडमध्ये विरून चाललेली गाणी त्याला त्या डोंगरांत धडधाकट सापडली.

शिवाय ब्रिटिश पोरांनी अमेरिकन गाणी उचलून जोशात वाजवणं हे २००७ साली सुरू झालेलं नाही. १९५६ साली लॉनी डोनेगनचं 'रॉक आयलंड लाइन' ब्रिटनमध्ये गाजलं आणि घराघरांत मुलं स्वस्त गिटार, कपडे धुण्याचा पत्रा आणि चहाच्या खोक्याचा बेस घेऊन बसली. त्या संगीताला स्किफल म्हणत. लिव्हरपूलचा द क्वारीमेन हा असाच एक स्किफल बँड. पुढे त्याचा बीटल्स झाला. तेव्हा मुळं कुणाची हा प्रश्न विचारायचा असेल तर तो बीटल्सपासून सगळ्यांना विचारावा लागेल. श्रीमंत घरातून येणं हा मुद्दा ब्रिटनमध्ये खरा आहे. संगीतात टिकून राहायला पैसा लागतो आणि गरीब घरची मुलं मागे पडतात. पण त्यावरून एखादं गाणं चांगलं की वाईट हे ठरत नाही.

आता पहिल्या अल्बमविषयी थोडक्यात, कारण दुसऱ्याची सगळी मापं पहिल्यानं ठरवली. 'साय नो मोर' ऑक्टोबर २००९ मध्ये ब्रिटनमध्ये आला. नाव शेक्सपिअरच्या नाटकातल्या गीतावरून घेतलेलं. सुरुवातीला तो झपाट्यानं खपला वगैरे नाही. लोकांनी एकमेकांना ऐकवत ऐकवत तो वाढला. ऑस्ट्रेलियात ट्रिपल जे या रेडिओच्या श्रोत्यांनी 'लिटल लायन मॅन'ला २००९ सालचं पहिल्या क्रमांकाचं गाणं म्हणून निवडलं. अमेरिकेत छोट्या क्लबांपासून सुरुवात करून बँड गावोगाव फिरला. फेब्रुवारी २०११ मध्ये ग्रॅमीच्या मंचावर ते अॅव्हेट ब्रदर्स आणि बॉब डिलनबरोबर वाजले आणि त्यानंतर अल्बम अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढला. त्याच महिन्यात ब्रिट या ब्रिटनच्या संगीत पुरस्कारांत तो वर्षाचा सर्वोत्कृष्ट ब्रिटिश अल्बम ठरला. प्रकाशित झाल्यावर सव्वा वर्षानं!

या सव्वा वर्षात एक महत्त्वाची गोष्ट घडत होती. बँड दौऱ्यावरच असल्यामुळे नवी गाणी मंचावरच मोठी होत होती. 'लव्हर ऑफ द लाइट', 'बिलो माय फीट', 'ब्रोकन क्राउन' ही पुढे 'बेबल'मध्ये आलेली गाणी श्रोत्यांनी अल्बम येण्याच्या कितीतरी आधी कार्यक्रमांत ऐकली होती. कुणीतरी मोबाइलवर टिपलेली, आवाज फाटलेली चित्रणं यूट्यूबवर फिरत होती. नवं गाणं आधी स्टुडिओत पक्कं करून मग लोकांपुढे न्यायचं, हा नेहमीचा क्रम इथं उलटा झाला. कोणत्या ओळीवर गर्दी अंगावर येते, कुठं शांत होते, हे बँडला रेकॉर्डिंगच्या आधीच ठाऊक होतं. माझ्या मते 'बेबल'ची ताकद आणि त्याची मर्यादा, दोन्ही यातूनच आल्या.

'बेबल' २०१२च्या सप्टेंबरमध्ये आला. ब्रिटनमध्ये २४ तारखेला, अमेरिकेत २५ला. बारा गाणी. निर्माता पुन्हा मार्कस ड्राव्ह्स, ज्यानं पहिला अल्बमही केला होता आणि ज्याचं नाव आर्केड फायर, कोल्डप्ले यांच्या मोठ्या आवाजाच्या अल्बमांशी जोडलेलं आहे. हा तपशील महत्त्वाचा आहे. लाकडी वाद्यांचा छोटा ताफा स्टेडियमएवढा कसा ऐकू येईल, हे ड्राव्ह्सला येत होतं.

अल्बमचं नाव बायबलमधल्या बाबेलच्या मनोऱ्याच्या कथेची आठवण करून देतं. माणसं आकाशाला भिडणारा मनोरा बांधू लागतात, देव त्यांच्या भाषा वेगवेगळ्या करून टाकतो आणि काम मोडतं. धर्माची भाषा या गाण्यांत सगळीकडे आहे: गुडघे टेकणं, कृपा, प्रकाश, पाप, क्षमा. मार्कसचे आईवडील जॉन आणि एलिनॉर मम्फर्ड हे ब्रिटनमधल्या व्हिनयार्ड चर्चचे संस्थापक, त्यामुळे ही भाषा त्याला घरातूनच मिळालेली. अमेरिकेतल्या चर्चला जाणाऱ्या तरुणांनी हा अल्बम आपला मानला, ते यामुळे. पण २०१३ साली एका मुलाखतीत मार्कसनं स्वतःला ख्रिस्ती म्हणवून घ्यायचं टाळलं, आणि गाणी नीट ऐकली तर तसंच दिसतं. त्यांत श्रद्धेइतकीच शंका आहे, आणि बऱ्याचदा समोर देव आहे की प्रेयसी हे कळत नाही. मला हा धूसरपणा आवडतो. श्रद्धाळू माणूस आणि नुकताच प्रेमभंग झालेला माणूस शेजारी शेजारी उभे राहून तीच ओळ आपापल्या अर्थानं गाऊ शकतात.

आता मुख्य गोष्ट, या गाण्यांची बांधणी. 'बेबल' आवडणारे आणि नावडणारे, दोघेही खरं तर हिच्याविषयीच बोलत असतात.

मम्फर्डचं नमुन्याचं गाणं हळू सुरू होतं. एक गिटार किंवा पियानो, त्यावर मार्कसचा जरासा खरखरीत आवाज, जवळून काहीतरी सांगितल्यासारखा. मग दुसरा आवाज येऊन मिळतो, तिसरा, चौथा. बँजो सुरू होतो, आणि तो सुरावट वाजवण्यापेक्षा ठेका भरायचं काम करतो. एका मात्रेचे चार तुकडे करून विन्स्टन ते सतत भरत राहतो, त्यामुळे लय तीच असूनही गाणं धावतंय असं वाटतं. खाली किक ड्रम प्रत्येक मात्रेवर सरळ पडतो, नाचाच्या संगीतात पडतो तसा. मग एकदम सगळं थांबतं. क्षणभर शांतता, एकटा आवाज. आणि पुन्हा सगळे मिळून, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. भजनी मंडळाचा गजर ज्यानं अनुभवला आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. एकट्या बुवांच्या आवाजातली ओळ, मागून उचलणारे साथीदार, चढत जाणारे टाळ-मृदंग आणि शेवटी ऐकायला आलेला माणूसही नकळत गाणाऱ्यांत जमा.

यात ड्रमसेट नसण्याचा फायदा मोठा आहे. रॉकमधला ड्रमवादक गाण्याच्या पहिल्या मिनिटापासून बरीचशी जागा व्यापून टाकतो. इथं ती जागा रिकामी असते, म्हणून पुढे जे येतं ते अंगावर येतं. बहुतेक गाण्यांत ड्रमसेट नसल्यामुळेच 'लव्हर ऑफ द लाइट'मध्ये तो येतो तेव्हा फरक पडतो. मंचावर या गाण्याला मार्कस गिटार ठेवून पूर्ण ड्रमसेटवर बसतो आणि तिथूनच गातो. पियानोवर संथ सुरू झालेलं ते गाणं शेवटाकडे ब्रासच्या वाद्यांसह जे उसळतं, ती या अल्बममधली सर्वांत समाधान देणारी चढण आहे असं मला वाटतं. या गाण्याच्या व्हिडिओत अभिनेता इद्रिस एल्बानं काम केलं आणि त्याच्या दिग्दर्शनातही त्याचा हात होता.

समीक्षकांची तक्रार नेमकी इथं होती. एकदा ही चढण सुंदर वाटते, दुसऱ्यांदा ओळखीची वाटते, आणि बारा गाण्यांत आठ-नऊ वेळा तीच आली की पुढे काय होणार ते आधीच कळतं. शिवाय हे सगळं पहिल्या अल्बममध्ये होऊन गेलं होतं. तीन वर्षांनी बँडनं तेच वाद्यांचं कोष्टक, तोच निर्माता, तीच चढण घेऊन यावं, हे त्यांना आळशीपणाचं वाटलं. दुसरी तक्रार भावनेच्या पातळीची होती: सगळं कायम टिपेला, प्रत्येक ओळ जणू शेवटची, मध्ये हसायला-बोलायला जागा नाही. त्यामुळे परीक्षणं एकूणात मध्यम राहिली. काहींनी बँडच्या आत्मविश्वासाचं आणि गाण्यांच्या गेयतेचं मनापासून कौतुक केलं, तर काहींनी अल्बम निकालात काढला.

पहिली तक्रार मला बरीचशी मान्य आहे. 'बेबल', 'व्हिस्पर्स इन द डार्क', 'आय विल वेट' आणि 'हॉलंड रोड' ही सुरुवातीची चार गाणी एका दमात ऐकली की ती एकमेकांत मिसळतात. प्रत्येक स्वतंत्रपणे चांगलं, पण शेजार चुकलेला. अल्बमच्या उत्तरार्धात अधिक विविधता आहे. 'रिमाइंडर' जेमतेम दोन मिनिटांचं, जवळजवळ नुसता आवाज आणि गिटार. 'ब्रोकन क्राउन'मध्ये खरा राग आहे, अगदी शिवीसकट. 'होपलेस वॉन्डरर'मध्ये शांत पियानोनंतर गिटारी ज्या वेड्यासारख्या तुटून पडतात, ते धोका पत्करणं पहिल्या अल्बममध्ये क्वचितच होतं. गाण्यांचा क्रम बदलला असता तर परीक्षणंही थोडी बदलली असती, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

दुसरी तक्रार मात्र पटत नाही. मोठ्या आवाजात, मनापासून, लाज न बाळगता गाण्याला रॉकच्या समीक्षेत बऱ्याच काळापासून संशयानं पाहिलं जातं. अंतर राखून, अर्धं झाकून सांगितलेलं तेवढं खोल, असा एक अलिखित नियम आहे. गॉस्पेल, जुनी लोकगीतं, सामूहिक प्रार्थना यांना हा नियम कधीच लागू नव्हता. ज्या मुळांवर हा बँड उभा आहे, त्या मुळांतच हा उघडेपणा आहे.

श्रोत्यांनी काय केलं, ते आकडे सांगतात. अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात 'बेबल'च्या सुमारे ६ लाख प्रती खपल्या. त्या वर्षी तोपर्यंतचा विक्रम जस्टिन बीबरच्या 'बिलीव्ह'चा होता, ३ लाख ७४ हजारांचा. ब्रिटनमध्ये पहिल्या आठवड्यात सुमारे १ लाख ५९ हजार प्रती गेल्या आणि अल्बम दोन्ही देशांत थेट पहिल्या क्रमांकावर आला. बँजो वाजवणाऱ्या चौघांनी किशोरांच्या लाडक्या पॉप गायकाला मागे टाकावं, हे त्या वर्षी कुणाच्या हिशेबात नव्हतं. पुढे ऑक्टोबरमध्ये टेलर स्विफ्टच्या 'रेड'नं १२ लाखांचा आकडा गाठून हा विक्रम मोडला.

या आकड्यांना एक संदर्भ आहे. २०१२ हे संगीत विकत घेण्याकडून ऐकण्याच्या वर्गणीकडे सरकण्याचं वर्ष होतं. स्पॉटिफाय अमेरिकेत आदल्याच वर्षी आलं होतं. लोकांना सगळं ऐकायला मिळालं तर विकत कोण घेईल, या भीतीनं अनेक मोठे कलाकार नवा अल्बम काही काळ तिथं देत नसत. कोल्डप्लेनं 'मायलो झायलोटो' सुरुवातीला रोखून ठेवला, ब्लॅक कीजनं 'एल कमिनो' दिला नाही, टेलर स्विफ्टचा 'रेड'ही लगेच आला नाही. 'बेबल' मात्र पहिल्या दिवसापासून स्पॉटिफायवर होता. अमेरिकेत एका आठवड्यात तिथं तो सुमारे ८० लाख वेळा ऐकला गेला, तेव्हाचा तो विक्रम होता, आणि तरीही ६ लाख प्रती खपल्या. ऐकणं आणि विकत घेणं एकमेकांच्या मुळावर येतंच असं नाही, याचा तो त्या वेळचा सर्वांत ठसठशीत पुरावा ठरला. बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या अल्बमांच्या यादीत तेव्हा फक्त विक्री मोजली जायची (स्ट्रीमिंग २०१४च्या अखेरीस आलं), पण गाण्यांच्या 'हॉट १००' यादीत स्पॉटिफायसारख्या सेवांवरचं ऐकणंही २०१२ पासून धरलं जात होतं. त्यामुळे 'बेबल'ची सहा गाणी एकाच आठवड्यात त्या यादीत दिसली. एकच गाजलेलं गाणं ऐकून लोक थांबले नव्हते, अल्बम पूर्ण ऐकत होते. गंमत म्हणजे एकेकटं कोणतंही गाणं अफाट चाललं नाही. 'आय विल वेट' ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे १२व्या क्रमांकापर्यंतच गेलं.

इतके लोक कुठून आले? उत्तराचा मोठा भाग रस्त्यावर आहे. २०१२ मध्ये बँडनं 'जंटलमेन ऑफ द रोड' नावाचे मुक्काम सुरू केले. मोठ्या शहरातलं मैदान घेण्याऐवजी एखादं छोटं गाव निवडायचं, तिथं दिवसभराचा उत्सव करायचा, स्थानिक दुकानं आणि स्थानिक बँड सामील करून घ्यायचे. हडर्सफील्ड, गॉलवे, अमेरिकेत डिक्सन, मॉन्टेरी, आणि टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरचं ब्रिस्टल. ब्रिस्टलची निवड विचारपूर्वक केलेली दिसते. १९२७ साली त्याच गावात राल्फ पीअर या रेकॉर्ड निर्मात्यानं कार्टर फॅमिली आणि जिमी रॉजर्स यांची पहिली ध्वनिमुद्रणं केली आणि कंट्री संगीताचा व्यापारी इतिहास तिथून सुरू झाला. त्याआधी, २०११च्या एप्रिलमध्ये, हे चौघे ओल्ड क्रो मेडिसिन शो आणि एडवर्ड शार्प अँड द मॅग्नेटिक झीरोज यांच्याबरोबर जुन्या डब्यांच्या आगगाडीतून कॅलिफोर्नियापासून न्यू ऑर्लीन्सपर्यंत गेले. त्या प्रवासावरच्या 'बिग ईझी एक्स्प्रेस' या माहितीपटालाही २०१३च्या ग्रॅमीत पुरस्कार मिळाला. मुळांविषयीचा त्यांचा आदर कपड्यांपुरता नव्हता, हे यातून दिसतं.

इथं भारताचाही एक धागा आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. 'साय नो मोर' आणि 'बेबल' यांच्या मधल्या काळात, २०१० साली, मम्फर्ड अँड सन्स, लॉरा मार्लिंग आणि राजस्थानी लोककलाकारांचा धरोहर प्रोजेक्ट यांनी मिळून चार गाण्यांची छोटी ध्वनिफीत काढली. ती दिल्लीत ध्वनिमुद्रित झाली. एक इंग्रजी गाणं आणि एक राजस्थानी रचना एकमेकांत गुंफलेली, बँजोच्या शेजारी खडताल आणि ढोलक. 'टू डार्कनेस' हे गाणं 'कृपा'मध्ये जिथं मिसळतं ते जरूर ऐका. पाहुण्यांनी यजमानाच्या वाद्यांचा शोभेपुरता वापर केलाय असं तिथं वाटत नाही. दोन्हीकडची माणसं एका लयीत उभी आहेत. आपल्या मुळांपलीकडे जायची या बँडला भूक होती, याचा हा पुरावा. 'बेबल'मध्ये ती भूक उमटली नाही, ही मला या अल्बमविषयी वाटणारी सर्वांत मोठी खंत आहे.

आता पुन्हा ग्रॅमीच्या कोड्याकडे. रॉक किंवा अमेरिकानासारख्या विभागांत मत देणारे सदस्य बहुधा त्या संगीताशी जवळीक असलेले असतात. सदस्याला मर्यादित विभागांतच मत देता येतं. त्यांना बॉनी रेटची चाळीस वर्षांची साधना आणि ब्लॅक कीजचा नेमकेपणा अधिक भावला. वर्षाच्या अल्बमसाठी मात्र सगळेच सदस्य मत देऊ शकतात: शास्त्रीय वादक, जाझवाले, ध्वनितंत्रज्ञ, कंट्रीवाले. अशा मतदानात कुणाच्या तरी पहिल्या आवडीचा अल्बम जिंकतो असं नाही. सर्वांना थोडाफार ओळखीचा वाटणारा जिंकण्याची शक्यता जास्त. त्या वर्षीची इतर चार नामांकनं पाहा: ब्लॅक कीजचा 'एल कमिनो', जॅक व्हाइटचा 'ब्लंडरबस', 'फन' या बँडचा 'सम नाइट्स' आणि फ्रँक ओशनचा 'चॅनल ऑरेंज'. गिटारवरच्या ब्लूज-रॉकची मतं ब्लॅक कीज आणि जॅक व्हाइट यांच्यात विभागली गेली असणार, हा माझा तर्क आहे. उरलेल्यांत खरी वाद्यं, खरे आवाज, प्रचंड खप आणि जुन्या संगीताचा मान राखणारा 'बेबल' मतदारांना जवळचा वाटला.

पण समीक्षकांचा त्या वर्षीचा लाडका अल्बम 'चॅनल ऑरेंज' होता. आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) संगीताला त्यानं नवी भाषा दिली, आणि माझ्याही मते त्या पाचांत तोच सर्वांत मोठा अल्बम होता. त्यामुळे पुरस्काराचा आनंद 'बेबल'ला निर्मळपणे मिळाला नाही. काळ्या कलाकारांच्या धाडसी कामाऐवजी ग्रॅमी परंपरेची सुरक्षित वाट धरते, या जुन्या रागाचा रोख मम्फर्डवर वळला. फ्रँक ओशननं पुढे २०१६ मधला 'ब्लॉन्ड' ग्रॅमीच्या विचारार्थ पाठवलाच नाही. राग रास्त होता. पण तो संस्थेवरचा होता, आणि बारा गाण्यांना त्याचा दंड भरावा लागला. दुकानांत मात्र ग्रॅमीनंतरच्या आठवड्यात 'बेबल' पुन्हा अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला.

त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत आणखी एक गोष्ट अल्बमच्या विरोधात गेली: नकला. २०१२ मध्येच द लूमिनीअर्सचं 'हो हे' आणि फिलिप फिलिप्सचं 'होम' गाजत होतं. आइसलंडचा ऑफ मॉन्स्टर्स अँड मेन होता. हे सगळे मम्फर्डची नक्कल करत होते असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण लवकरच बँजो, टाळ्या आणि 'हे!'चा घोष मोबाइल आणि मोटारींच्या जाहिरातींत ऐकू येऊ लागला, आणि जे खरं वाटत होतं ते साच्यातलं वाटू लागलं. ऑगस्ट २०१३ मध्ये आलेल्या 'होपलेस वॉन्डरर'च्या व्हिडिओत बँड स्वतः जवळजवळ नाहीच. जेसन सुडेकिस, एड हेल्म्स, जेसन बेटमन आणि विल फोर्टे हे विनोदी नट दाढ्या-वेस्टकोट घालून त्यांची हुबेहूब टर उडवतात. टीका त्यांच्यापर्यंत पोचली होती आणि तिच्यावर हसण्याइतका दिलदारपणा त्यांच्याकडे होता. त्याच उन्हाळ्यात टेड ड्वेनच्या मेंदूतल्या रक्ताच्या गुठळीवर शस्त्रक्रिया झाली आणि काही आठवड्यांतच तो ग्लॅस्टनबरी या ब्रिटनमधल्या मोठ्या संगीत महोत्सवाच्या मुख्य मंचावर बँडसोबत उभा राहिला. मग सप्टेंबरमध्ये बँडनं विश्रांती जाहीर केली.

पुढची गोष्ट लवकर सांगता येते. २०१५चा 'वाइल्डर माइंड' आला तो इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमसेटसह, बँजो गायब. समीक्षकांनी जे मागितलं होतं तेच बँडनं केलं, आणि आता अनेक जुने श्रोते विचारू लागले, बँजो कुठं गेला? २०१८चा 'डेल्टा' आणखी निराळा होता. २०२१ मध्ये विन्स्टन मार्शल बँड सोडून गेला. २०२५ मध्ये उरलेल्या तिघांनी 'रशमेअर' काढला, विम्बल्डन कॉमनवरच्या तळ्याचं नाव असलेला, आणि त्यात लाकडी वाद्यांचा तो जुना आवाज बराचसा परत आला. ब्रिटनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला.

'बेबल' आज पहिल्यांदा ऐकणार असाल तर सलग ऐकू नका. 'घोस्ट्स दॅट वी न्यू'नं सुरुवात करा, कारण या बँडला हळू राहता येत नाही हा समज त्यानं मोडतो. मग 'लव्हर ऑफ द लाइट', मग 'ब्रोकन क्राउन', आणि त्यानंतर 'होपलेस वॉन्डरर'. 'आय विल वेट' शेवटी ठेवा आणि शक्य असेल तर ते स्टुडिओतल्यापेक्षा एखाद्या मैफिलीच्या चित्रणात ऐका, जिथं कोरसमध्ये मार्कसपेक्षा समोरच्या गर्दीचा आवाज मोठा आहे.